चांगल्या स्टाउटच्या शोधात: माझी गुणांची वही, कोल्हापूरकरांनो तुमचेबी गुण टाका

रंकाळावारा

मंडळी, गेली दोन वर्षं मी एक वही ठेवलीय. शाळेची दोनशे पानी वही, त्यात फक्त स्टाउटच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, नोंदी. कुठं प्यालो, कुठल्या वारी, ग्लास कसा होता, फेस किती वेळ टिकला, शेवटचा घोट कसा लागला. आजवर एकोणीस नोंदी झाल्यात, त्यातल्या चार आपल्या गावातल्या आणि बाकीच्या पुणे, गोवा, बंगळूर. मिसळ कुठली भारी यावर आपल्यात रात्री बारालाबी चर्चा पेटते पण स्टाउटवर कोण बोलताना दिसत नाही, म्हणून म्हटलं आपणच धागा काढावा.

सुरुवात पुण्यात झाली. भाच्याच्या वास्तुशांतीला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं मला तिथल्या एका ब्रूपबला, म्हणजे बिअर तिथंच बनवून देतात तसल्या ठिकाणी, घेऊन गेली. मी नेहमीसारखी थंडगार लेगर, म्हणजे साधी पिवळी बिअर, मागणार तेवढ्यात भाचा म्हणाला, मामा आज हे प्या. काळंभोर पेय आणि वर सायीसारखा फेस. पहिल्या घोटाला वाटलं काहीतरी करपलंय. दुसऱ्या घोटाला आजीच्या चुलीवरची भाकरी आठवली, तिचा जास्त भाजलेला काठ आम्ही भावंडं भांडून खायचो, अगदी तीच चव. तिसऱ्या घोटाला गुऱ्हाळात काहिलीच्या कडंला चिकटलेली काकवी. मी त्या दिवशी दुसरं काही मागवलंच नाही आणि तिथनं हा शोध सुरू झाला.

ज्यांनी कधी घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिअर बार्लीला मोड आणून करतात, आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तसंच, मोड आले की वाळवायचं आणि मग भाजायचं. कमी भाजलं की पिवळी बिअर, फुटाण्यासारखं खरपूस भाजलं की तांबूस, आणि कॉफीच्या बियांसारखं काळं होईपर्यंत भाजलं की स्टाउट. लंडनमध्ये अठराव्या शतकात ओझी वाहणारे हमाल जी काळपट बिअर प्यायचे तिला त्यांच्यावरनंच पोर्टर नाव पडलं, त्यातली कडक असायची ती स्टाउट पोर्टर, पुढं नुसतं स्टाउट राहिलं. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या माणसानं भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, त्यामुळं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, जळून न जाता काळं करता यायला लागलं आणि आज आपण बघतो तो काळा रंग तिथनं आला. स्टाउट काळा म्हणून लई कडक असणार हा गैरसमज सगळ्यात आधी सोडा. डब्लिनच्या गिनेस कंपनीच्या बारमधल्या नळावरच्या स्टाउटमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के असतं, आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरपेक्षा बरंच कमी.

आता गुण. पाच विषय, प्रत्येकी १०, एकूण ५०.

फेस: शेवटपर्यंत टिकला पाहिजे आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर पांढरी वर्तुळं राहिली पाहिजेत. तापमान: बर्फासारखा नको, साधारण ६ अंशाच्या आसपास, कारण जीभ बधिर झाली की भाजल्याची चव कळतच नाही. ओतणं: ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, ठेवून द्यायचा, काळा झाला की वरचा भरायचा, ह्याला दोन मिनिटं लागतात आणि ती दिलीच पाहिजेत. स्वच्छता: ग्लासाची आणि नळाच्या पाइपची. शेवटचा घोट: पाऊण ग्लास संपल्यावर कोमट होतो तेव्हा जर चव आणखी उघडली तर तो चांगला स्टाउट, आणि आंबट नाहीतर पुठ्ठ्यासारखी लागली तर गडबड आहे.

नावं घेत नाही कारण कुणाचं नुकसान करायचं नाहीय, फक्त गुण. आपल्या गावातल्या एका बारमध्ये बाटली डीप फ्रीझरमधनं काढून दिली, आत बर्फाचे कण होते, ग्लासाला साबणाचा वास, ५० पैकी १३. गावातच दुसऱ्या ठिकाणी कॅन, बरोबर उंच ग्लास दिला आणि मी सांगितल्यावर तो दहा मिनिटं बाहेर ठेवला, २७. पुण्यात एक, आंबट, पाइप कधी धुतला होता देव जाणे, १९. पुण्यातच दुसरा, जिथं भाचा घेऊन गेला तो, ४१. तिसरा ओट्स घातलेला स्टाउट, तोंडात तुपासारखा मऊ, ३८. गोव्यात ३०. बंगळूरला ३६, तिथं चव उत्तम पण घाईनं ओतला म्हणून ओतण्यात २ दिले.

तुमची वही काढा. कुठं प्याला, कसा होता, सगळं लिहा.

पेठेतला_सच्या

दादा लिहिलंय मनापासून पण मला एक कळंना. बिअर थंड नसंल तर प्यायची कशाला? एप्रिलमध्ये आपल्या गावात दुपारी ३८ अंश असतं, माणूस घाम पुसत आत येतो, त्याला गार पाहिजे. आणि ते दोन मिनिटं थांबणं मला नाटक वाटतं. चहावाला असा थांबला असता तर दुकान बंद पडलं असतं.

रंकाळावारा

सच्या भावा उन्हाळ्यात दुपारी लेगरच बरी, त्यात वाद नाही. स्टाउट पावसाळ्यातला. जुलैमध्ये चार-चार दिवस झड लागते, रंकाळ्यावरनं वारा येतो, कपडे वाळत नाहीत, तेव्हा संध्याकाळी एक ग्लास घेऊन बघ. थांबण्याचं म्हणशील तर माझ्या मते तेच खरं कौशल्य आहे, त्यावर मी माघार घेणार नाही.

उद्यमनगरी

रंकाळादादा धागा आवडला. माझं गॅसचं काम आहे, वर्कशॉपला रेग्युलेटर आणि सिलिंडर रोजच हाताळतो त्यामुळं फेसावर थोडं लिहितो.

साध्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात भरपूर विरघळतो, त्याचे बुडबुडे मोठे, जिभेला टोचतात आणि थोडी आंबट झाकबी देतात. नायट्रो स्टाउटमध्ये साधारण ७० ते ७५ टक्के नायट्रोजन आणि बाकीचा कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण वापरतात. नायट्रोजन बिअरमध्ये जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळं तो दाबानं आत ठेवावा लागतो आणि नळाच्या तोंडाशी बारीक भोकांची चकती असते, तिच्यातनं बिअर जोरात ढकलली की विरघळलेला गॅस एकदम बाहेर पडतो आणि लाखो बारीक बुडबुडे तयार होतात. तो सायीसारखा फेस म्हणतोय ना आपण, तो त्या चकतीचा खेळ आहे. गिनेसनं ही पद्धत १९५९ ला आणली, मायकेल ॲश नावाचा माणूस होता, मूळचा गणितवाला. कॅनमध्ये पिंग-पाँगच्या चेंडूसारखी प्लास्टिकची गोळी खुळखुळते तिच्यातबी नायट्रोजनच असतो, कॅन फोडला की दाब उतरतो आणि गोळीतला गॅस बारीक भोकातनं बाहेर येऊन तेच काम करतो. म्हणून तसला कॅन थेट तोंडाला लावू नका, ग्लासातच ओता.

आणखी एक गंमत बघितली असंल तुम्ही, ओतल्यावर बुडबुडे काचेलगत खाली जाताना दिसतात. डोळ्याचा भास नाही. आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातल्या लोकांनी २०१२ मध्ये ह्यावर काम केलं. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असल्यामुळं मधले बुडबुडे वर जाताना बिअरलाबी वर ओढतात, ती कडंनं खाली उतरते आणि बारीक बुडबुडे तिच्याबरोबर खाली खेचले जातात. सरळ उभ्या पेल्यात हे इतकं दिसत नाही. त्यामुळं ग्लासाच्या आकाराला गुण देता का ते बघा.

पण एका ठिकाणी तुमचं चुकतंय. लई ठिकाणी स्टाउट साध्या कार्बन डायऑक्साइडवर असतो, बाटलीतला तर बहुतेक तसाच. श्रीलंकेचा लायन स्टाउट घ्या, ८ टक्क्यांच्या वर, जाड, काळा, उत्तम चीज आहे पण फेस तपकिरी आणि लवकर बसणारा. त्याला नायट्रोच्या मापानं मोजून फेसात ३ देणं हा अन्याय आहे. पांढऱ्या रश्श्याला तवंग नाही म्हणून गुण कापल्यासारखं झालं.

रंकाळावारा

हे पटलं. माझ्या वहीतल्या सात नोंदी साध्या गॅसवरच्या आहेत आणि सगळ्यांना मी फेसात मारलंय. आज रात्री बसून दोन वेगळे रकाने करतो, नायट्रो आणि साधा.

गंगावेशकर

मी घेत नाही तरी धागा पूर्ण वाचला कारण फेसाचं वर्णन वाचून आमचा दूध कट्टा डोळ्यापुढं आला. लहानपणापासनं गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात, वर हा एवढा फेस. आमचे आजोबा म्हणायचे फेस बसायच्या आत प्यायचं, फेस बसला की धारोष्ण राहिलं नाही. तुमच्यात उलटं दिसतंय, थांबायचं म्हणताय. आणि एक शंका, मिल्क स्टाउट असं कुठंतरी वाचलं, त्यात खरंच दूध घालतात का? घालत असतील तर म्हशीचं घातलं पाहिजे.

उद्यमनगरी

काका दूध नाही, दुधातली साखर घालतात, लॅक्टोज. बिअरचं यीस्ट ती साखर खाऊ शकत नाही त्यामुळं ती तशीच राहते आणि पेयाला गोडवा, जाडपणा येतो. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅकेसन नावाच्या बिअर कंपनीनं तो प्रसिद्ध केला. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी मात्र विचारूनच घ्यावा.

डब्लिनची_पाटलीण

बाहेरगावी बसून कोल्हापूरचा धागा वाचताना बरं वाटतं. मी सहा वर्षं डब्लिनला आहे, माहेर कसबा बावडा. माझी वही नाही पण पब बरेच बघितलेत, तेव्हा दोन-चार गोष्टी.

इथं सगळे पर्यटक आधी सेंट जेम्सेस गेटला, म्हणजे गिनेसच्या कारखान्याला, जातात. आर्थर गिनेसनं ३१ डिसेंबर १७५९ ला ती जागा वर्षाला ४५ पौंड भाड्यानं ९००० वर्षांसाठी घेतली, तो करार तिथं जमिनीत काचेखाली लावलाय, वरनं चालत बघता येतो. वरच्या मजल्यावर गोल काचेचा बार आहे, सगळं शहर दिसतं. एकदा बघावं. पण माझे स्वतःचे सगळ्यात जास्त गुण तिथं नाहीत.

माझे गुण डब्लिनच्याच ग्लासनेव्हिन भागाला. दफनभूमीच्या भिंतीला लागून जॉन कॅव्हनाचा पब आहे, १८३३ पासनं त्याच घराण्याकडं, लोक त्याला ग्रेव्हडिगर्स म्हणतात कारण खड्डे खणणारी माणसं तिथं यायची. आत टीव्ही नाही, गाणी नाहीत. लाकडी फळ्या, मंद उजेड, आणि म्हातारी माणसं हळू बोलत बसलेली. पहिल्यांदा गेले तेव्हा नोव्हेंबर होता, चारलाच अंधार पडायला लागलेला, नवीन नोकरीत मन लागत नव्हतं, घरी फोन केला की रडू यायचं. बारवाल्यानं ग्लास पाऊण भरून बाजूला ठेवला आणि दुसऱ्याचं काम करायला लागला. मला वाटलं विसरला. इथं कुणी तो अर्धवट ग्लास उचलत नाही, मागतबी नाही, सगळे त्याच्याकडं बघत थांबतात. मग त्यानं येऊन वरचा भरला आणि माझ्यापुढं ठेवताना फक्त मान हलवली. त्या दिवसापासनं हे गाव मला परकं वाटलं नाही. माझे ५० पैकी ४९. दुसरा पूलबेग स्ट्रीटवरचा मलिगन्स, ४६.

इथं लोक म्हणतात गिनेस प्रवासात बिघडतं, आयर्लंडबाहेर चव लागत नाही. मला ते अर्धंच खरं वाटतं. इथं एका पबात दिवसाला पिंपामागून पिंप संपतात, माल कधी शिळा होत नाही, पाइप नियमित धुतले जातात. जिथं आठवड्यात एक पिंप संपत नाही तिथं तेच पेय मरतं. आपल्याकडं बावड्याच्या मिसळीचा कट सकाळी नऊला वेगळा लागतो आणि दुपारी दोनला पातेल्याच्या तळचा वेगळा, तसंच हे.

आणि मंडळी, फक्त गिनेसवर अडकू नका. कॉर्कला गेला तर मर्फीज आणि बीमिश प्या, दोन्ही त्याच गावचे. मर्फीज जरा गोडसर, बीमिशला चॉकलेटची झाक. कॉर्कवाल्यापुढं डब्लिनचं कौतुक करू नका, आपल्याकडं सांगलीच्या माणसापुढं कोल्हापूरच्या भेळीचं करावं तसं होतं.

रंकाळावारा

ताई, तुमचा तो नोव्हेंबरचा परिच्छेद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. बायको म्हणाली ह्या मुलीला सांग इकडं आली की जेवायला ये. आणि बघ सच्या, ताईपण थांबण्याबद्दल तेच सांगतायत.

पेठेतला_सच्या

ताईंचा अनुभव मी मानतो. पण त्यांनी थांबलेल्या माणसांबद्दल सांगितलं, चवीबद्दल नाही. एका दमात ओतला आणि मग तितकाच वेळ बसू दिला तर चव बदलते का, एवढंच माझं विचारणं आहे.

राजारामपुरीची_लेक

दादा तुमच्या पाच विषयांत एक राहिला आणि तो बाईमाणसानंच सांगावा लागतो. बसायची सोय. मी आणि माझी मैत्रीण, दोघी चाळिशीच्या, स्वतःच्या पैशानं एक ग्लास प्यायला गावातल्या एका ठिकाणी गेलो. आधी वरपासनं खालपर्यंत बघितलं, मग म्हणाले फॅमिली सेक्शन वर आहे. वर गेलो तर पंखा बंद, टेबलावर कालचं खरकटं, अर्धा तास कुणी आलं नाही. पुण्यात असं होत नाही, म्हणून आम्ही दोघी तिकडंच जातो, आणि मग लोक म्हणतात कोल्हापुरात गिऱ्हाईक नाही. चांगला पब म्हणजे जिथं एकटी बाई पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली तर कुणी वळून बघत नाही. डब्लिनच्या ताईंनी सांगितलेला पब मला त्याच कारणानं आवडला, त्या एकट्या गेल्या होत्या.

डब्लिनची_पाटलीण

शंभर टक्के. एकटीच गेले होते आणि कुणी विचारलं नाही की एकटी का.

रंकाळावारा

लेकी तुझं म्हणणं खरं आहे, मला हे सुचायला पाहिजे होतं. मी जिथं २७ दिले ते ठिकाण मी पुरुष म्हणून बघितलंय. सहावा विषय घालतोय, बसायची सोय, आणि त्याचे गुण बायकांनीच द्यायचे.

आकडेमोड_मास्तर

मी संख्याशास्त्र शिकवतो, आता निवृत्त. ह्या धाग्यावर मला राहवत नाही कारण तुम्ही सगळे नकळत गिनेसच्या प्रयोगशाळेतला जुना प्रश्न विचारताय.

विल्यम सीली गॉसेट नावाचे गृहस्थ गिनेसमध्ये कामाला होते. त्यांची अडचण अशी, बार्लीचे किंवा बिअरचे नमुने हातात चार-पाचच असायचे आणि त्यावरनं ठरवायचं की ही जात त्या जातीपेक्षा खरंच बरी की नुसता योगायोग. त्यावेळची गणितं मोठ्या नमुन्यांसाठी होती. गॉसेटनी लहान नमुन्यांसाठी रीत काढली आणि १९०८ साली ती छापली, पण कंपनी कामगारांना स्वतःच्या नावानं लिहू देत नव्हती म्हणून स्टुडंट ह्या नावानं. आज एम.एस्सी.ची पोरं, शेती विद्यापीठातले लोक, औषधांच्या कंपन्या, सगळे जी टी-टेस्ट वापरतात ती हीच. मी पस्तीस वर्षं ती शिकवली आणि दर वर्षी पोरांना सांगायचो की हे गणित बिअरच्या कारखान्यात जन्माला आलंय, पोरं तेवढाच तास नीट ऐकायची.

रंकाळादादा, तुमची वही उत्तम आहे पण एका ठिकाणी एकदाच जाऊन गुण देऊ नका. निदान तीनदा, वेगवेगळ्या वारी. शनिवारी ताजं पिंप आणि मंगळवारी शिळं असू शकतं. दुसरं, सच्यानं विचारलेला प्रश्न फार चांगला आहे आणि तो वादानं सुटणार नाही, प्रयोगानं सुटंल. त्रिकोणी चाचणी करा. तीन ग्लास, दोन एका पद्धतीचे, एक दुसऱ्या. पिणाऱ्याचे डोळे बांधायचे आणि वेगळा कुठला ते विचारायचं. नुसत्या अंदाजानं बरोबर यायची शक्यता तीनात एक. पाच जणांनी केलं आणि पाचही बरोबर आले तर ते अंदाजानं होण्याची शक्यता २४३ मध्ये १, मग मानावं लागंल की फरक आहे.

पेठेतला_सच्या

मास्तर नमस्कार. मी तयार आहे. तारीख सांगा.

उद्यमनगरी

मी पण. गाडी कुणी आणायची नाही, रेल्वेनं जायचं आणि रेल्वेनं यायचं, मुक्काम करू. हे अगदी आधीच ठरवा, हायवेवर एक ग्लास घेऊनबी गाडी चालवलेली मला चालणार नाही, माझा चुलतभाऊ असाच गेलाय.

रंकाळावारा

उद्यमनगरी, वाईट वाटलं वाचून. रेल्वेचंच ठरलं. भाच्याला सांगून पुण्याच्या त्या ४१ वाल्या ठिकाणी विचारतो.

गंगावेशकर

जाताना रिकाम्या पोटी जाऊ नका. स्टाउटबरोबर खायला काय चालतं?

राजारामपुरीची_लेक

काका ह्यावर मी बरेच प्रयोग केलेत. तांबड्या रश्श्याबरोबर जमत नाही, तिखटात कडूपणा जास्त चढतो आणि दोन्हीची चव जाते. पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र छान, नारळ आणि खसखशीचा मऊपणा त्या भाजक्या चवीला धरून ठेवतो. मटण सुकं कमी तिखटाचं असंल तर तेबी. तळलेले शेंगदाणे नकोत, ओठाला तेल लागलं की फेस लगेच फुटतो, भाजलेल्या शेंगा घ्या. आणि शेवटी सातारचा कंदी पेढा. दूध आटवून खरपूस भाजलेलं आणि बार्ली खरपूस भाजलेली, एकदा खाऊन बघाच.

डब्लिनची_पाटलीण

कंदी पेढा! पुढच्या वेळी येताना बॅगेत चार डबे. इथं कालवं खातात स्टाउटबरोबर, खारट आणि भाजकं असं ते जमतं. आणि गंगावेशकर काका, तुमच्यासाठी सांगते, अल्कोहोल नसलेलं गिनेस ०.० पण आता मिळतं, फेस तोच, माझी गाडी चालवायची पाळी असते तेव्हा मी तेच घेते.

रंकाळावारा

जाऊन आलो मंडळी. सविस्तर लिहितो.

मी, सच्या, उद्यमनगरी, मास्तर, राजारामपुरीची लेक आणि माझा भाचा असे सहा जण. भाचा ओतून घ्यायला आणि नोंदी करायला, बाकी पाच जण पिणारे. आम्ही मुद्दाम मंगळवारी दुपारी गेलो कारण गर्दी नव्हती. नळावरच्या पोराला आधी सगळं समजावून सांगितलं, तो इतका खूश झाला की त्यानं स्वतःहून सांगितलं पाइप परवा धुतलाय, आणि आत नेऊन भिंतीवरची पाटी दाखवली, प्रत्येक नळापुढं धुतल्याची तारीख खडूनं लिहिलेली. दर पंधरा दिवसांनी धुतात. ज्या ठिकाणी मला आंबट लागला होता तिथं विचारलं होतं तर त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

चाचणी अशी. प्रत्येकाला तीन लहान ग्लास. काहींना दोन ग्लास दोन टप्प्यांत ओतलेले आणि एक एका दमात, काहींना उलट. सगळे सारखाच वेळ बसू दिले. डोळ्यांना रुमाल. एकमेकांशी बोलायचं नाही. मी सगळ्यात आधी प्यालो आणि मला खात्री होती, तिसरा ग्लास एका दमात ओतलेला, फेस जाड लागला असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

चुकलो. पाच जणांत दोघंच बरोबर आले, लेक आणि उद्यमनगरी, आणि लेक म्हणाली मी अंदाजच केला होता.

मास्तरांनी तिथंच कागदावर मांडून दाखवलं. पाच जण डोळे मिटून नुसते अंदाज करत असले तरी दोन किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता २४३ मध्ये १३१, म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणजे ह्या प्रयोगातनं फरक दिसला नाही. मास्तर असंबी म्हणाले की पाच माणसांवरनं फरक नाहीच असं सिद्ध होत नाही, फक्त इतकं कळतं की असला तर तो मोठा नाही. सच्या हे ऐकून काहीच बोलला नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेंगा पुढं केल्या. चांगला माणूस आहे.

मग आम्ही दुसरी चाचणी केली जी ठरलेली नव्हती. उद्यमनगरीनं सुचवली. तेच पेय, ओतणंबी तेच, पण एक ग्लास आधी साबणाच्या पाण्यातनं काढून नीट न विसळता वापरलेला. ह्यात चार जण बरोबर आले. मास्तरांचं गणित, अंदाजानं चार किंवा पाच बरोबर यायची शक्यता २४३ मध्ये ११, साडेचार टक्क्यांच्या आसपास. मी डोळे उघडून बघितलं तर त्या ग्लासात फेसाचा पातळ थर उरलेला आणि काचेवर एकबी वर्तुळ नाही, शेजारच्या दोन ग्लासांत वर्तुळं मोजता येत होती.

तेव्हा वहीत बदल करतोय. ओतणं हा विषय काढून टाकला, बंगळूरच्या त्या पबला मी २ दिले होते ते मागं घेतो, त्यांचे आता ओतणं सोडून ४० पैकी ३४. स्वच्छतेला १० ऐवजी २०. बसायची सोय १०. दोन मिनिटं थांबायला मला अजूनबी आवडतं, ते बुडबुडे खाली उतरताना बघत बसणं मी सोडणार नाही, पण त्याचे गुण पबला द्यायचे नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. परत आल्यावर मी गावातल्या त्या १३ गुणवाल्या बारमध्ये गेलो. मालकांना भेटलो, वही दाखवली, तक्रार म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. सांगितलं की ग्लास साध्या पाण्यानं दोनदा विसळा आणि उपडा ठेवून वाळवा, फडक्यानं पुसू नका, बाटली डीप फ्रीझरला न ठेवता साध्या फ्रीजला ठेवा. त्यांनी सगळं ऐकलं, पोराला हाक मारून माझ्यासमोर तीन ग्लास धुऊन घेतले. काल परत गेलो. बाटली तीच, साधा गॅस, फेस तपकिरी. शेवटच्या घोटापर्यंत काचेवर चार वर्तुळं. ५० पैकी २९, बसायची सोय कोरी ठेवलीय.

लेकी, तू आणि तुझी मैत्रीण शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बघणार का? पत्ता निरोपात पाठवतो. वरचा पंखा चालू केलाय म्हणाले.

राजारामपुरीची_लेक

जाते. शनिवारी सकाळी इथंच गुण टाकते.